पानाला चव असेपर्यंत

ग्रेगोरियाबाईंनी कोकाच्या पानांची पिशवी टेबलावरून पुढे सरकवली. पोतोसी या खाणींच्या गावात पान तोंडात टाकल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, मग ती लग्नाची असोत की नोकरीची. फाउस्तोने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"नको, बाई."

"अकरा वर्षं खाणीत काढलीस आणि पान नको?" बाईंच्या भुवया वर गेल्या. "बरं, खाण का सोडलीस?"

उत्तर त्याने कॉलेजातल्या मित्राकडून घोकून आणलं होतं. "मला शिक्षक व्हायचंय. नवीन शिकायची आवड आहे. माणसांशी बोलायला आवडतं. वर्ग दुपारी असतात, म्हणून सकाळचं काम बघतोय."

"काय पण पोपटपंची!" बाई हसल्या. "खाणीचा डोंगर कोणी आवडीने सोडत नाही रे. खरं सांग, नाहीतर ऊठ."

उठून जाणार कुठे? वर्गाच्या वेळा सांगताच तीन दुकानदारांनी त्याला वाटेला लावलं होतं. चौथी ही कचेरी, पर्यटकांना खाण दाखवायला नेणारी. इथे खिडकीवर तिकिटं फाडायला बसवलं तरी शिक्षण चालू राहणार होतं. नाहीतर दिवसभराची नोकरी धरायची आणि वह्या रद्दीत घालायच्या.

"धाकटा भाऊ होता," तो म्हणाला. "वाल्तेर. सुरुंग उडवला की विषारी धूर निघून जाईपर्यंत आत जायचं नाही. तोंडातल्या पानाची चव गेली, की मग जायचं. आमचा बापही तसंच करायचा."

"सगळेच करतात."

"त्या दिवशी मी कॉलेजचा फॉर्म भरायला रांगेत उभा होतो. पानं आणायची पाळी माझी होती. पण बाजारात गेलोच नाही. घरात मागच्या महिन्यातली उरली होती, तीच सकाळी त्याच्या पिशवीत घातली." फाउस्तोने टेबलावरच्या पिशवीकडे बघितलं. "शिळ्या पानांची चव लवकर जाते, बाई."

बाईंचं हसू मावळलं. "घड्याळ नव्हतं त्याच्याकडे?"

"खाली घड्याळ कोण बघतं?"

बाईंनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. त्यांचा नवराही त्याच डोंगराने ठेवून घेतला होता. पण वाईट वाटून झालं, आणि बाई कामाचं बोलू लागल्या.

"खिडकीवर माझी भाची बसते. मला लोकांना आत घेऊन जाणारा माणूस हवाय. सकाळी आठ ते बारा. परीक्षेच्या दिवसांत सुटी."

"पुन्हा आत पाऊल टाकणार नाही, असा आईला शब्द दिलाय."

"मग आईलाच विचार, एवढी सोय गावात दुसरं कोण देतंय ते." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आणि हे आत्ता सांगितलंस ना, तेच तिथे सांगायचं. वाल्तेर सापडला त्या जागेवर. फक्त इतकी घाई नको. रांगेत उभा होतो म्हणालास, की जरा थांब. दुभाष्याला वेळ लागतो."

फाउस्तोला शिसारी आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण 'नाही' हा शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

"नवऱ्याची गोष्ट मी नऊ वर्षं सांगितली, पोरा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पहिले सहा महिने रडू यायचं. आता मला काही होत नाही."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सकाळच्या फेरीची माणसं आत चढत होती. कुणीतरी डोक्यावर खाणीतलं हेल्मेट घालून फोटो काढून घेत होतं.

बाईंनी पिशवी पुन्हा पुढे सरकवली. बोलणी ठरल्यावरही दोघांनी पान घ्यायचं, हा तिथला रिवाज.

मग फाउस्तोने एक पान उचललं, उजेडात धरलं, मधोमध वाकवून बघितलं, नाकाशी नेलं.

"कधीची आहेत?" त्याने विचारलं.