फोटोतला पिवळा रंग

“एका डॉक्टरच्या शब्दावर मावशींना तुरुंगात धाडू नकोस,” थोरली बहीण म्हणाली होती. “बाळ तुझं असतं तर कळलं असतं,” असं बहिणीला ऐकवून बाळाच्या आईने फोन ठेवून दिला होता.

सात महिन्यांनी बाळ सांभाळणाऱ्या मावशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. तिच्याकडे बघत नव्हत्या.

साक्षीला आलेले डॉक्टर नावाजलेले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मावशींच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मत नंतर. आधी मार कधीचा हे ठरवता कसं, ते सांगा. मगच साक्ष घ्यायची की नाही ते बघू.”

“फोटोत बाळाच्या मांडीवर डाग आहे, त्याच्या रंगावरून,” डॉक्टर म्हणाले. “पिवळा डाग म्हणजे मार तीन-चार दिवसांपूर्वीचा. फोटो रविवारचा. म्हणजे मार बुधवार-गुरुवारचा.”

त्या दोन्ही दिवशी बाळ मावशींकडे होतं.

“बाळाला तपासलंत?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“गरज काय? वीस वर्षं हेच करतोय.”

“माझे काका चाळीस वर्षं चुकीचा रस्ता सांगतायत,” वकील पुटपुटला.

मागे कोणीतरी हसलं. तिला हसू आलं नाही. शनिवारी बाळाला अंघोळ तिनेच घातली होती. मांडीवर काहीच दिसलं नव्हतं. पण एवढा मोठा डॉक्टर सांगतोय, म्हणजे आपल्याच नजरेतून सुटलं असणार, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. रविवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनेच काढलेला. डाग पिवळा. मांडी पिवळी. खालची चादरही पिवळी.

घरात पिवळी चादर नव्हतीच. त्या सकाळी तिने पांढरीशुभ्र अंथरली होती. पिवळा होता तो पलंगाशेजारचा दिवा.

म्हणजे डागाचा पिवळेपणाही दिव्याचाच. डाग ताजा होता. गप्प बसलं तर डॉक्टरांचं मत नोंदलं जाईल, घर शाबूत राहील. मावशींनी पहिल्यांदाच मान वर केली.

ती उभी राहिली. “मॅडम, तो रंग दिव्याचा आहे. मार रविवारचाच.”

“खाली बसा. तुम्हाला विचारू तेव्हा बोला.”

ती बसली नाही. “रविवारी मावशींना सुट्टी होती. मी कामावर होते. बाळ त्याच्या बाबाजवळ होतं.” तिचा आवाज चिरकला. “आत्ताही त्याच्याजवळच आहे. कुणीतरी जाऊन बघा हो!”