खापरभर विस्तव

ताकू गावकराचा मुलगा सोमा, सोमाचा विठू, विठूची लेक फुला. ताकू गुंदच्या रानात उपाशी आला, तेव्हा गावप्रमुख बुधवंताच्या घराने त्याला चुलीतला विस्तव खापरात घालून दिला. विस्तव घेणारा देणाऱ्याच्याच गावचा, असा तिथला रिवाज. गोऱ्या साहेबाने रान बंद केले आणि उरल्या शेतांवरून बुधवंताच्या आणि ताकूच्या घराण्यांत कोयते चालले, घरे पेटली. फुलाचा मुलगा लखू आताच्या बुधवंताच्या हातून मेला. फुलाच्या लोकांच्या खालच्या वाडीने वेगळ्या गावाची हद्द आखली. बुधवंत हसला, "चुलीत विस्तव आमचा, आन् गाव तुमचं?" पुढे जळक्या छपरांतून पाऊस शिरला, वरच्या गावातली प्रत्येक चूल विझली. बुधवंत फुलाच्या दारी आला. "फुलाबाय, विस्तव हाय?" "लखूच्या सरणाला नेला, त्यातलाच हाय." तिने पणजोबांचे तेच खापर निखाऱ्यांनी भरून दिले. "खापर बी न्या, बुधवंत. सगळं फिटलं."