चिंध्यांची मूठ

"हात नाही तर नाही, डोळे तरी लावा बाबा," सून म्हणाली. "मध्ये कुठं हवा राहिली तर सांगा."

पुस्तकं बांधणारा म्हातारा बाइंडर स्टुलावर बसला होता. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच खाली कारखान्यात उतरला होता, तोही तिने जवळजवळ ओढूनच आणला म्हणून. डावा हात धडधाकट होता. उजवा मांडीवर पडला होता, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा.

समोर टेबलावर त्याची चामडं तासायची सुरी होती. पातं शाबूत होतं, लाकडी मूठ मात्र उभी चिरली होती. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सुरी त्याच्या हातातून फरशीवर पडली होती. मुलगा म्हणाला होता, एवढी काय उठाठेव, नवी मागवू. सुनेने ऐकलं नाही. विकतच्या मुठी बारीक असतात, आणि बाबांची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. त्यांना जाड मूठ हवी, आणि ती आपण घरीच करायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

बाइंडिंगच्या कापडाच्या उरलेल्या चिंध्या तिने एका मापाच्या कापून ठेवल्या होत्या. लाल, काळ्या, गडद हिरव्या. प्लॅस्टिकच्या वाटीत तिने रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर ढवळलं; त्यात भिजलेल्या चिंध्या सुकून लाकडासारख्या कडक होतात. उग्र वास सुटला. एकेक चिंधी वाटीत बुडवायची, फळीवर पसरायची, तिच्यावर दुसरी. काम घाईचं होतं. रमतगमत केलं तर सगळा माल वाटीतच दगड झाला असता.

म्हातारा बघत होता, आधी नुसताच, तिचं मन राखायला म्हणून. मग त्याची नजर तिच्या हातावर खिळली. थरांतली हवा काढायला ती हाडाची पट्टी मधून कडेकडे फिरवत होती, आणि कड आली की मनगट हलकेच सैल सोडत होती. तसं केलं की कापड सरकत नाही. पुठ्ठ्यावर कापड चढवताना तो स्वतः जन्मभर असंच करत आला होता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही." तिने मान वर केली नाही. "दुपारचा चहा घेऊन यायचे ना मी खाली. हातातलं काम संपल्याशिवाय तुम्ही कपाला हात लावायचा नाहीत. मग मी आपली उभी राहायचे बघत."

ती कप न्यायला थांबते, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता.

"डावीकडे," तो एकदम म्हणाला. "कोपऱ्यात फुगा आहे बघ."

तिने फुगा दाबून काढला. फळ्यांमधला तो चिकट गठ्ठा पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात सरकवला आणि चाक फिरवू लागली. शेवटचा पिळा तिला रेटेना. त्याने उठून डावा हात चाकाला लावला. कडांतून रेझिनचा पाकासारखा ओघळ आला.

"बस. आणखी आवळलंस तर आत कोरड्या चिंध्याच राहतील."

दुसऱ्या दिवशी शिकंजा उघडला तेव्हा आतून काळपट, खणखणीत वडी निघाली. तिने करवतीने तिच्या दोन पट्ट्या कापल्या, चिरलेली मूठ काढून पात्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी बसवल्या, पितळी रिव्हेट ठोकले. मग नाकाला रुमाल बांधून कानस चालवली. कानशीखाली एकेक थर उघडा पडत गेला. लाल रेघ, काळी रेघ, मग हिरवी.

"घ्या आता."

तिने त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मुठीभोवती मिटवली आणि पुढ्यात चामड्याचा तुकडा ठेवला. रुमालावरचे तिचे डोळे लकाकत होते. ते डोळे पाहून त्याला नाही म्हणवेना. त्याने खांद्यापासून जोर लावला. सुरी बोटभर पुढे गेली, चामड्याचा पातळ पापुद्रा सुटला, आणि मूठ बोटांतून निसटून सुरी आडवी झाली.

मुठीत काही खोट नव्हती. हे त्याला कळलं, आणि तिलाही कळलं असावं, कारण ती घाईघाईने बोलायला लागली.

"अजून जाड करू. चिंध्या पुष्कळ आहेत. आणि डॉक्टर म्हणालेच होते, वेळ लागतो म्हणून..."

त्याने डाव्या हाताने सुरी उचलली. मूठ उजेडात फिरवून फिरवून पाहिली. सांधा कुठे दिसत नव्हता.

"बारीक कर," तो म्हणाला.

"काय?"

"घास अजून. अंगठ्यापाशी, आणि खालूनही."

"अहो बाबा, अजून घासली तर तुमच्या हातात मुळीच राहायची नाही."

"हात पुढे कर."

तिने केला. त्याने सुरी तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं मुठीभोवती पुरी पोचत नव्हती. किती कमी पडतात, ते त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि तिथे पेन्सिलीने खूण केली.

"मला नाही हो जमायचं," ती म्हणाली. आवाज रुमालात अडकला. "तुमच्यासाठी केली मी ही."

"ठाऊक आहे."

त्याने पातं कापडात गुंडाळलं, सुरी टेबलाच्या कडेला आडवी धरली आणि डाव्या हाताने घट्ट दाबून ठेवली. मग तिने कानस उचलली.

भुकटी खाली त्याच्या मांडीवरच्या उजव्या हातावर पडत होती. त्याला ती जाणवत नव्हती, नुसती दिसत होती. बोटांच्या बेचक्यांत लाल-काळा थर साचायला लागला तशी सून थांबली आणि पुसायला पदर पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू हात थांबवू नकोस."