मावशी म्हण

शासकीय निवारागृहाच्या त्या खोलीत खुर्ची रिकामी होती. तरीही ती मुलगी भिंतीशी, जमिनीवर बसली होती. कुंटणखान्यावरच्या छाप्यात सोडवून आणलेल्यांपैकी तिने एकटीनेच अद्याप तोंड उघडले नव्हते. साऱ्या तिला ‘नवी’ म्हणत.

“बाई, हिला आज बोलतं करा,” दाराशी उभ्या असलेल्या फौजदारबाई हलकेच म्हणाल्या. “बाकीच्या घाबरून फिरल्या. हिचाही जबाब झाला नाही, तर ती अड्डेवाली उद्या जामिनावर सुटेल. आणि सुटली की आधी हिलाच हुडकेल.”

“तुम्ही वर्दी घालून डोक्यावर उभ्या, आणि ती बोलायची!” निवारागृहाच्या अधीक्षिका हसल्या. “जा, घोटभर चहा घेऊन या.”

मग त्या नवीसमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी काहीही विचारले नाही. कोणाचे दुःख किती वेळाने वाचा धारण करते, याचा त्यांना दीर्घ अनुभव होता. बऱ्याच वेळाने नवी स्वतःच्या नखांकडे पाहत पुटपुटली,

“नळावर गेले होते. तिथून गाडीत घातलं.”

“कोणी गं, बाळ?”

नवीचे अश्रू वाहू लागले. अधीक्षिकांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

“भिऊ नकोस. मी आहे ना! मला मावशी म्हण. इथं सगळ्याच म्हणतात.”

रडणे तत्क्षणी थांबले. ते शमले नाही. फुंकर मारून दिवा मालवावा तसे मालवले. नवी उठली. तिने ओढणीने तोंड पुसले, सुटलेले केस आवरले आणि भिंतीला पाठ लावून ती ताठ उभी राहिली.

“तयार आहे, मावशी. मारू नका.”

“अगं, तसं नाही... बस, बाळ, बस.”

नवी तत्काळ बसली. आज्ञा झाली म्हणून बसली. त्यानंतर कोणी काहीही विचारले, तरी ती एवढेच म्हणे, “तुम्ही सांगाल तसं, मावशी.”

परतलेल्या फौजदारबाईंनी उघडलेले पेन पुन्हा मिटले. “काय हे, बाई! तिथल्या त्या अड्डेवालीलाही पोरी मावशीच म्हणायच्या. तुम्हांला ठाऊक नव्हतं?”

“होतं,” अधीक्षिका म्हणाल्या. “प्रत्येक अड्ड्यावर एक असतेच. मला वाटायचं, माझ्या तोंडी तो शब्द निराळा होतो.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कितीतरी वर्षे निवारागृहात राहिलेल्या एकीची हाक आली, “मावशी, ताटं घेऊ का?”

अधीक्षिकांना ओ देता आली नाही.

हाक पुन्हा आली. या वेळी किंचित घाबरलेली.