एकेचाळीस नंबरचा बिल्ला

बेल दाबायच्या आधी फोरमननी तिसऱ्यांदा घसा खाकरला. जिना चढता चढता वाक्य पाठ झालं होतं, "वहिनी, त्या दिवशी गुण्याची चूक नव्हती. चूक माझी होती." बस, एवढंच म्हणायचं होतं. पण दोनशे कामगारांवर ओरडून नोकरी काढलेल्या माणसाच्या तोंडून ते काही केल्या नीट निघत नव्हतं.

दार उघडलं. गुण्याच्या बायकोने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं.

"घायकुते भावजी ना? या. हे म्हणायचेच, एक दिवस घाईघाईत येऊन उभे राहतील."

घाई कसली डोंबलाची! यायला सेहेचाळीस वर्षं लागली होती, आणि गुण्याला जाऊन महिना झाला होता.

ती हातातली कात्री घेऊन आत गेली. फोरमन बसले तिथून स्वयंपाकघराची भिंत दिसत होती. हातोडी, पक्कड, किल्ल्या, सगळं खिळ्यांना टांगलेलं आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने काढलेला आकार. कात्रीच्या जागी पत्र्याची गोल चकती होती. तिने चकती काढली आणि कात्री टांगली.

"वा रे पठ्ठ्या! शाळा सोडली नाहीस तर!" फोरमन स्वतःशीच हसले.

दोघं शिकले त्या लष्कराच्या, मुलांच्या तांत्रिक शाळेत हत्यारखान्याची हीच पद्धत होती. प्रत्येक पोराला पाच पितळी बिल्ले, त्यांवर त्याचा नंबर. हत्यार घ्यायचं आणि त्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. संध्याकाळी मोजणी. गुण्याचा नंबर एकेचाळीस.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. नाव पोरांनीच पाडलं होतं. त्याने कानस मारलेला ठोकळा कुठूनही तपासा, उजेडाची फट सापडायची नाही. आणि काय जीव लावायचा पोरगा! घायकुत्याने बिघडवलेलं काम जेवणाच्या सुट्टीत नीट करून द्यायचा, वर एक शिवीसुद्धा नाही. हो, तेव्हा फोरमन हे फोरमन नव्हते. सतरा वर्षांचा घायकुत्या होता नुसता.

त्या दुपारी घायकुत्याचे पाचही बिल्ले खिळ्यांवर होते आणि जाडी मोजायचा नाजूक मायक्रोमीटर तर आत्ताच्या आत्ता हवा होता. गुण्या नळावर हात धूत होता. त्याचे बिल्ले बाकावर पडले होते. घायकुत्याने त्यातला एक उचलला. दोन मिनिटांचं काम, मग सांगू की त्याला. पण मायक्रोमीटर हातातून सटकला, फरशीवर आपटला आणि वाकला. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तो भंगाराच्या पिंपात खोल दाबला आणि मूग गिळून बसला.

संध्याकाळी मोजणीत मायक्रोमीटरच्या खिळ्यावर एकेचाळीस नंबर निघाला.

"बिल्ला तुझाच ना?" मोठ्या मास्तरांनी विचारलं.

गुण्या बिल्ल्याकडे बघत राहिला. मग त्याने एकदा, एकदाच, घायकुत्याकडे बघितलं.

"माझाच आहे, सर."

शेवटच्या परीक्षेला महिना उरला असताना त्याला घरी धाडलं. सगळ्या तुकडीची सुट्टी रद्द झाली.

गुण्याने ओळखलं होतं, आणि ओळखूनही आपल्याला वाचवलं, हे फोरमन इतकी वर्षं मनाशी धरून होते. बढतीचे हार गळ्यात पडले तेव्हाही त्यांना तीच नजर आठवली होती आणि शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पाण्याचा पेला ठेवून ती समोर बसली.

"वहिनी, तो मायक्रोमीटर..."

"माहीत आहे मला. लग्नाआधीच सांगितलं होतं यांनी."

"त्या दिवशी..."

"भावजी, आधी मला बोलू द्या. एक काम सोपवून गेलेत, राहून जायला नको. हे म्हणायचे, बिल्ला माझा, म्हणजे मायक्रोमीटर मीच घेतला. घेतलेला आठवत नाही, कुठे ठेवला तेही आठवत नाही. असल्या डोक्याच्या माणसाने मशीनला हात लावू नये. पुन्हा कानस धरली नाही यांनी. जन्मभर गोदामाच्या दारावर पहारा केला. घरात कात्री घेतली तरी चकती टांगायचे, विसरायला होईल म्हणून. मी चिडवायचे. एकदाही हसले नाहीत."

फोरमन पुढे सरकले.

"त्याला कुणाचा संशय नाही आला?"

"मीच म्हटलं होतं एकदा, कुणीतरी उचलला असेल तुमचा बिल्ला. अहो, कधी नाही ते ओरडले माझ्यावर. म्हणाले, आमच्या तुकडीतला पोरगा असं करणार नाही."

"पण त्याने माझ्याकडे बघितलं होतं, वहिनी."

"बघणारच. तुमची आई आजारी होती ना तेव्हा? सुट्टी रद्द होणार हे यांना तिथेच कळलं. तुम्हाला घरी जाता आलं नाही, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या. माझ्या विसराळूपणापायी माझ्या मित्राला त्याची आई शेवटची दिसली नाही, हे यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं. शेवटी माझा हात धरून म्हणाले, तो आला तर माझ्यासाठी त्याची माफी माग."

पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. दोनच ओळींचं.

तिने हात जोडले. "कराल ना यांना माफ?"

फोरमननी घसा खाकरला.

"केलं," ते म्हणाले.