टेकडी कुठे गेली?

तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी फळा कोराच होता, आणि मागच्या बाकावर बसलेल्या अण्णासाहेबांना तो बघवत नाहीये हे चेतनाला त्यांच्याकडे न बघताही कळत होतं.

फरीदाबादच्या या कॉलेजात अण्णासाहेबांनी उभी हयात गणित शिकवलं होतं. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. आता निवृत्तीनंतर कॉलेजच्या समितीने त्यांना एवढंच बघायला पाठवलं होतं, की चेतना मेश्राम पहिल्या वर्षाच्या वर्गात जे काही चालवते, त्याला शिकवणं म्हणायचं की नाही. ते नाही म्हणाले, की सोमवारपासून पुन्हा खडू, फळा आणि निमूट उतरवून घेणारी पोरं.

चेतनाची रीत साधी होती. धडा ती दिल्लीत मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून रेकॉर्ड करायची. पोरांनी तो घरी नाहीतर बसमध्ये मोबाईलवर बघायचा, आणि वर्गात येऊन चौघाचौघांच्या टोळक्यात गणितं सोडवायची. धड्यात काही अडलं असेल, त्याने आधी उठून बोलायचं. कुणी बोलेपर्यंत बाईही गप्प. पहिल्या वर्षाच्या गणितात दरसाल निम्मा वर्ग गारद व्हायचा. यंदा तसं होणार नाही, याची चेतनाला खात्री होती. ती खात्री अण्णासाहेबांच्या गळी कशी उतरवायची, एवढाच प्रश्न होता.

"तू शिकवायला कधी सुरुवात करणार?" अण्णासाहेबांनी मराठीत विचारलं. वर्गात ती भाषा दोघांनाच येत होती.

"काल झाली सर," चेतना म्हणाली. "आज यांची पाळी."

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून पिंकी भडाना उठली. ही मुलगी दिवाळीपर्यंत तोंडातून ब्र काढत नव्हती. ती थेट फळ्यापाशी गेली आणि तिने एक वाकडी रेघ काढली: वर चढणारी, मग खाली दरीत उतरणारी, मग पुन्हा चढणारी.

"मैम, वीडियो में आपने बताया, जहाँ ढलान ज़ीरो, वहाँ या तो चोटी या घाटी. और जवाब निकाला एक ही, दो. दो पे तो घाटी है. पर घाटी में उतरने से पहले कहीं चढ़े भी तो होंगे. वो पहाड़ी कहाँ गई?"

चेतनाने फळ्याकडे पाहिलं आणि चूक तिच्या लक्षात आली. कालच्या धड्यात तिने समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा एक्स बेधडक कापून टाकला होता. एक्स शून्य असेल तर तो असा कापता येत नाही. कापला, की शून्य हे उत्तरही त्याच्याबरोबर जातं. पिंकीची टेकडी नेमकी त्या शून्यावर होती. दर वर्षी पोरांना पहिल्याच आठवड्यात ती हे बजावत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

चूक मुद्दाम ठेवली होती, तुमची परीक्षा बघायला, हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं. अण्णासाहेबांना ते पटलंही असतं. तिने ते गिळलं.

"पहाड़ी मैंने गुम की," ती म्हणाली. मुद्दाम नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. "अब ढूँढो, कहाँ गुम हुई."

मग काय विचारता! टोळकी फळ्यावर चालून गेली. कुणी म्हणे उणे चिन्ह चुकलं, कुणी म्हणे सूत्रच चुकलं. दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "एक्स काट दिया, यार!" आणि पिंकीने कापलेला एक्स परत आणून शून्य काढलं, त्याच्यावर टेकडीचं टोक बसवलं आणि शेजारणीला टाळी दिली. गोंगाट एवढा, की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

तास संपला. अण्णासाहेब चेतनाबरोबर जिन्यापर्यंत आले.

"इतक्या पोरांसमोर," ते म्हणाले, "माझ्यावर ही वेळ आली असती ना, तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं असतं मला."

"मलाही झालं सर, क्षणभर. पण धडा बघितल्याशिवाय त्यातली चूक सापडते का कुणाला? ती मुलगी बल्लभगढच्या बसमध्ये उभ्याने बघते तो."

"गोंगाट फार होता."

"गणिताचाच होता ना?"

अण्णासाहेब दोन पायऱ्या उतरले. चेतनाला आता राहवेना.

"सर, समितीला काय सांगणार तुम्ही?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"तुझा धडा मी आज सकाळी बघितला. दोनदा. चुका काढायच्या म्हणूनच बसलो होतो."

"मग?"

"तुझ्यामागे कुकरची शिट्टी वाजते," अण्णासाहेब म्हणाले. "तेवढीच सापडली मला. टेकडी त्या पोरीला सापडली. समितीला हेच सांगेन."