रुळांकडची वाट

दौंडच्या त्या वस्तीत संडास नव्हते. बायका दिवेलागणीला रुळांकडं जायच्या आणि वाटेवर उभं असलेलं टोळकं शिट्ट्या मारायचं. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या ताईंकडून व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकलेल्या सुलक्षणानं एका संध्याकाळी तो थेट टोळक्यावर धरला. पोरं पटापट तोंडाला रुमाल लावून पांगली. एकाला मात्र उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा टीव्हीला जोडून ते चित्रण बघताना ताईंनी तो चेहरा थांबवला. "ओळखतेस याला?"

"व्हय. माझा दादा हाय."

ताई हळूच म्हणाल्या, "एवढं कापून टाकू. सगळ्या वस्तीसमोर दाखवायचंय."



"न्हाई ताई, ऱ्हाऊ द्या. त्या वाटंनं आई बी जाती."